किटलीची बाजू

कॅरव्हॅन मागे घेताना नवराबायकोचं भांडण होतं ते बहुतेक वेळा डाव्या-उजव्यावरून. गाडीत बसलेल्याचं डावं आणि मागे उभं राहून खुणा करणाऱ्याचं डावं एक नसतं, आणि "तुझं डावं की माझं?" हे विचारून होईपर्यंत कुणाचं तरी कुंपण मोडलेलं असतं. मेरियन आणि नेव्हिल ग्रीव्हज यांनी हा प्रश्न फार पूर्वीच निकालात काढला होता. त्यांच्या कॅरव्हॅनला एका अंगाला दार होतं, दुसऱ्या अंगाला ओटा आणि ओट्यावर खिडकीशी किटली. तेव्हा डावं-उजवं बंद. मेरियन मागे उभी राहून "दाराकडं" किंवा "किटलीकडं" म्हणायची आणि त्या बाजूला हात हलवायची. कुणाचं तोंड कुठेही असो, दार आणि किटली आपली जागा सोडत नाहीत. मेरियनचं सगळं नोकरीचं आयुष्य इस्पितळाच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्ट्या बघण्यात गेलं होतं. एका शब्दाला एकच अर्थ असला की तिला बरं वाटे.

त्या मे महिन्यात ते नॉरफोकमधल्या त्यांच्या नेहमीच्या शेतावर आले. शेताच्या मागच्या बाजूला हॉथॉर्नच्या फुललेल्या कुंपणाआड गवताचा एक तुकडा होता, तिथे चार-पाच कॅरव्हॅन उभ्या राहत. अशा जागी नवीन कोणी आलं की आधीची मंडळी दारापुढे खुर्च्या टाकून बसतात आणि आपण बघतच नाही असं दाखवत सगळं बघतात. त्या दिवशी बघणारी एकटी पॉलीन होती. पॉलीन ॲकरॉइड, यॉर्कशरची, नवरा गेल्यावरही आपली छोटी कॅरव्हॅन घेऊन एकटी हिंडणारी. तिच्या कॅरव्हॅनच्या चाकांना मोटर होती. हातातल्या यंत्राची कळ दाबली की कॅरव्हॅन गोगलगाईसारखी आपली आपण सरकायची. नेव्हिलला ती लबाडी वाटायची. त्याने उभा जन्म लोकांना गाडी चालवायला शिकवण्यात घालवला होता, आणि त्यांच्या स्टॅफर्ड गावातल्या निम्म्या लोकांनी पहिलं वळण त्याच्या शेजारी बसून घेतलं होतं.

"या मास्तर," पॉलीन वर्तमानपत्राआडून म्हणाली. "आम्ही बघत नाही हं. करा सावकाश."

नेव्हिलने हात वर केला, उजव्या आरशात पाहिलं आणि कॅरव्हॅन मागे घ्यायला सुरुवात केली. मेरियन किटलीच्या बाजूच्या मागच्या कोपऱ्याशी उभी होती. सुरुवात नेहमीसारखी सफाईदार झाली. मग कॅरव्हॅनचं मागचं टोक किटलीकडे झुकायला लागलं. तिथे पॉलीनचं पाण्याचं निळं पिंप आडवं ठेवलेलं होतं.

"दाराकडं," मेरियन म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली, "दाराकडं, नेव्हिल, दाराकडं." दोन्ही हातांनी खुणा केल्या. नेव्हिल आरशातच बघत होता. त्याची नजर तिच्यावर होती असं तिला वाटलं. कॅरव्हॅन संथपणे आली, पिंपाला लागली, आणि झाकण उडून पाणी गवतात शिरलं.

नेव्हिल उतरून आला. "पिंप इथं कुणी ठेवलं?"

"मी ठेवलं," पॉलीन म्हणाली. "सकाळपासून तिथंच आहे. निळं आहे. माझ्या गुडघ्याएवढं आहे. आणखी काय करू, त्याला घंटा बांधू?"

नेव्हिलने मान हलवली आणि मेरियनकडे वळला. "आणि तू कुठं गेली होतीस?"

"मी कुठं जाणार? इथंच होते. दाराकडं, दाराकडं म्हणून घसा बसला माझा."

"नव्हतीस तू," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. चार आणि चार आठ म्हणावं तसं त्याने ते म्हटलं. मग पॉलीनचं पिंप भरून आणायला नळाकडे गेला.

त्याचं ते वाक्य मेरियनच्या मनात रुतून बसलं. 'मला दिसली नाहीस' असं तो म्हणाला असता तर तिने सोडून दिलं असतं. माणसाचं लक्ष जातं, वय होतं, चष्म्यावर धूळ बसते. पण नेव्हिल म्हणाला होता, 'नव्हतीस तू.' जो माणूस आरशात बघण्यावर जगला, त्याने आरशात बघून सांगितलं होतं की तिथे कोणी नव्हतं. हे चुकलेलं निरीक्षण नव्हतं. हे निरीक्षण पुरं झालं होतं, फक्त त्यात ती नव्हती. मेरियनला भीती वाटायच्या आधी कुतूहल वाटलं, आणि त्याची तिला थोडी शरमही वाटली.

दुसऱ्या दिवशी दोघं सायकली काढून निघाले. त्या भागातली जुनी रेल्वे कधीच बंद पडली होती. रूळ काढून टाकलेल्या वाटेवर आता सायकली चालत. चढ नाही, उतार नाही, गाड्या नाहीत. वाट संपते त्या गावात चहाचं दुकान होतं, तिथे चीजचे स्कोन, म्हणजे छोटे खुसखुशीत पाव, मिळत. स्कोनपर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढीच त्यांची सायकलस्वारी.

वाटेत एक खेळ चाले. जे काही बघण्यासारखं असेल, बगळा, जुना सिग्नलचा खांब, ऑर्किडचं फूल, ते आधी ज्याला दिसेल त्याने म्हणायचं, "मी आधी." परत आल्यावर ज्याच्या नावावर कमी गोष्टी असतील त्याने चहा करायचा. पूर्वी चहा बहुधा मेरियनच्या गळ्यात पडे. ईस्टरपासून मात्र, घराजवळच्या फेऱ्यांतही, तो नेव्हिलच करत होता, आणि कुरकुरत होता.

"तू आदल्या दिवशी येऊन बघून जातेस," तो म्हणाला.

"हो तर. तू झोपलास की मी निघते."

"मग जुन्या युद्धातल्या तोफेच्या चौकीसारखं काहीतरी मोठं शोधलंस तर समजू शकतो. पण बेडूक? तुला बेडूक कसा दिसला?"

"माझ्या बाजूला होता."

हे म्हणताना मेरियनने ब्रेक लावला नाही, पण मनात काहीतरी थबकलं. 'माझ्या बाजूला.' ती बहुतेक वेळा त्याच्या उजवीकडून चालवायची. तिने आदल्या फेऱ्या आठवायला सुरुवात केली. नेव्हिलने ईस्टरनंतर काय काय आधी पाहिलं होतं? चर्चचा मनोरा, खारीचं घरटं, दगडी पूल, विजेच्या तारेवरचा ससाणा. सगळं एक तर डावीकडचं, नाहीतर उंचावरचं. उजवीकडची, खालची एकही गोष्ट त्याच्या नावावर नव्हती. योगायोग एवढा शिस्तीचा नसतो.

थोडं पुढे उजव्या हाताला पाण्याचा रुंद चर होता, आणि चराच्या काठावर लव्हाळ्याच्या ढिगाऱ्यात एक हंसीण अंड्यांवर बसली होती. पांढरीशुभ्र, उशीएवढी मोठी, वाटेपासून हातभर अंतरावर. मेरियनने ती लांबूनच पाहिली आणि तोंड मिटून घेतलं. सायकलचा वेग कमी करून ती नेव्हिलच्या मागे गेली. त्याला पूर्ण वाट मोकळी करून दिली.

नेव्हिल शीळ घालत हंसिणीच्या अगदी शेजारून गेला. हंसिणीने मान उंचावून त्याच्याकडे फिस्स केलं. त्याने आवाजाच्या दिशेने जरासं बघितलं, आणि "सायकलमधली हवा जातेय बहुतेक" असं म्हणून पुढच्या चाकाकडे बघत राहिला.

चहाच्या दुकानात त्याने दोन्ही चाकं दाबून पाहिली. हवा भरपूर होती. मेरियनने स्कोन अर्धाच खाल्ला.

परत येताना ती पुन्हा मागे राहिली. आता चर डाव्या हाताला होता. खूप लांबूनच नेव्हिलने हात वर केला.

"मी आधी. हंसीण. बघ, अंड्यांवर बसलीय." तो थांबला, एक पाय टेकवून कौतुकाने बघत राहिला. "मघाशी नव्हती ही."

"नव्हती?"

"नाही. एवढी मोठी असती तर दिसली नसती का?"

मेरियनने हंसिणीकडे पाहिलं. हंसीण जागची हललेली नव्हती. जग जिथल्या तिथे होतं, आणि बघणाराही तोच होता. फक्त बाजू बदलली होती. आयुष्यभर तिने ज्याला चांगला प्रयोग म्हटलं होतं, तो याहून वेगळा नव्हता. यात चूक शोधायला जागा नव्हती, आणि तिला ती हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मार्मलेडची बाटली त्याच्या बशीच्या उजवीकडे, थोडी अलीकडे ठेवली. नेव्हिलने टोस्टला लोणी लावलं.

"मार्मलेड संपलं?"

"टेबलावर आहे."

त्याने मान वळवली, बाटली सापडली. "आत्ता ठेवलीस."

"हो," मेरियन म्हणाली. शंकेची पाल आता चुकचुकत नव्हती. ती समोर भिंतीवर येऊन बसली होती.

तिला आठवलं, ईस्टरच्या सोमवारी बागेत खणता खणता नेव्हिलचं डोकं दुखायला लागलं होतं. तो आडवा झाला, संध्याकाळी उठला, "बरं वाटतंय" म्हणाला आणि रोजच्यासारखा जेवला. त्यानंतर कधी तक्रार नाही. तक्रार कशाची करणार? जे नाहीसं झालं ते नाहीसं झालंय हे कळायलाही ते दिसावं लागतं.

बोललं नाही तर काय, हे उघड होतं. आठवडा संपला की कॅरव्हॅन ओढत अर्धा देश ओलांडून घरी जायचं होतं. वाटेत शाळा होत्या, चौक होते, पाण्याच्या पिंपाएवढ्या उंचीची मुलं होती. पण बोललं तर काय, तेही उघड होतं. नेव्हिलचं गाडी चालवणं त्याच क्षणी संपणार आणि त्याबरोबर हे सगळंच संपणार: हे गवत, ही वाट, स्कोन, पॉलीनचे टोमणे. कॅरव्हॅन ओढणारं दुसरं कुणी नव्हतं. मेरियन गाडी चालवायची, पण कॅरव्हॅन जोडून तिने एकदाच चालवली होती, घोड्यांच्या शर्यतीच्या रिकाम्या मैदानावर. परक्या पोरांपुढे बर्फासारखा थंड राहणारा नेव्हिल बायकोपुढे पाचव्या मिनिटाला तापला. गाडी आणि कॅरव्हॅन मिटलेल्या चाकूसारख्या एकमेकींवर आल्या. त्या दिवशी दोघांनी सँडविच मैदानाच्या दोन टोकांना बसून खाल्लं. पुन्हा तो विषय निघाला नाही.

भांडी धुवायच्या नळाशी पॉलीन भेटली. तिने मेरियनच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "पिंपाचं अजून मनाला लावून घेतलंयस का? त्याला काही झालं नाही. उलट आधीपेक्षा जास्त गोल झालंय."

"पिंपाचं नाही."

"मग मास्तरांचं."

मेरियन कप पुसत राहिली. कप केव्हाच कोरडा झाला होता.

"हे बघ," पॉलीन म्हणाली, "काय आहे ते मला सांगू नकोस. मला सांगितलंस तर तुला हलकं वाटेल, आणि मग त्याला सांगायचं राहून जाईल. मी आपली गप्प बसते. मला फार जड जातं ते, पण बसते."

न्याहारीनंतर नेव्हिल नकाशा उघडून बसला होता. मेरियन समोर येऊन बसली. हातात एक लाकडी उलथनं होतं आणि एक चमचा.

"मला एक तपासून बघायचंय. तुझ्यावर."

"दुखेल का?"

"बहुतेक नाही." मग ती म्हणाली, "करताना तरी नाही दुखणार."

त्याने तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि नकाशा घडी करून ठेवला. एक डोळा उलथन्याने झाकायचा, दुसऱ्याने तिच्या नाकाकडे बघत राहायचं, नजर हलवायची नाही. ती चमचा बाजूने हळूहळू आत आणणार. दिसला की बोलायचं.

"माझ्या नाकाकडं बघ."

"आयुष्यभर तेच करतोय."

चमचा डावीकडून आला. "आला," नेव्हिल म्हणाला. वरून आला. "आला." उजवीकडून, वरून. "आला." उजवीकडून, खालून. मेरियनने चमचा जवळ आणला, आणखी जवळ आणला. तो तिच्या गालापाशी येऊन पोचला.

"आण की," नेव्हिल म्हणाला.

"आणलाय."

त्याने नजर हलवली नाही. शिस्तीचा माणूस. "हलव बरं." तिने चमचा हलवला. "वर ने. हां, आता आला. खाली ने. गेला. पुन्हा वर. आला." त्याचा आवाज हळूहळू बदलत गेला. त्यात घाबरणं नव्हतं. जुनं यंत्र उघडून बसलेल्या मुलाचं असतं तसलं काहीतरी होतं. "अगं, जातो कुठं तो? तुझ्या गालापाशी काळंबिळं काही नाही. तिथं पडदा दिसतोय, आपला फुलाफुलांचा. पण चमचा नाही."

"पडदा तिथं नाही. पडदा खिडकीला आहे."

"मग मला का दिसतो?"

"शेजारी जे आहे तेच डोकं पुढे ओढून घेतं. भोक राहू देत नाही."

दुसरा डोळा झाकून सगळं पुन्हा केलं. तीच बाजू, तोच खालचा कोपरा. नेव्हिलने उलथनं टेबलावर ठेवलं.

"एक डोळा बिघडला असं समजू. दोन्ही डोळे एकाच बाजूला कसे बिघडतील?"

हा प्रश्न तो विचारेल हे तिला ठाऊक होतं, आणि त्याने तो विचारला याचा तिला अभिमानही वाटला. "म्हणजे डोळे ठीक आहेत," ती म्हणाली. "जे आहे ते डोळ्यांच्या मागं आहे. ईस्टरचं ते डोकं दुखणं आठवतं?"

बाहेर पॉलीन शेतकऱ्याच्या कुत्र्याला काहीतरी सुनावत होती.

"पिंप," शेवटी तो म्हणाला.

"पिंप. आणि हंसीण. सकाळी होती ती तिथं. तू तिच्या शेपटीवरून गेलास म्हटलं तरी चालेल."

"आणि तू बोलली नाहीस."

"बोलले असते तर कळलं नसतं."

नेव्हिल हसला, पण हसू अर्ध्यावरच राहिलं. "शिकाऊ पोराच्या बाबतीत मला हे कळलं असतं तर मी त्याला भर चौकात गाडीतून उतरवलं असतं. बापाला फोन केला असता." त्याने खिशातून गाडीची किल्ली काढली आणि ओट्यावर, किटलीशेजारी ठेवली. "म्हणजे ईस्टरपासून चहा उगीचच केला मी."

"उगीच नाही. छान होता."

त्याच दिवशी मेरियनने गाडी चालवत त्याला जवळच्या गावातल्या चष्मेवाल्याकडे नेलं. तिथल्या मुलीने त्याला यंत्रात डोकं घालायला लावून किती ठिपके दिसतात ते मोजलं आणि कागद हातात येताच फोन उचलला. तिथून शहरातलं इस्पितळ. मेरियनच्या अंदाजात फारसा बदल झाला नाही. मेंदूच्या मागच्या भागात एक बारीकशी वाहिनी काही आठवड्यांपूर्वी बंद पडली होती. पुन्हा तसं होऊ नये म्हणून गोळ्या. गाडी बंद. खूप पुढे कधीतरी पुन्हा तपासू, पण त्यावर विसंबू नका, असं डॉक्टरीणबाई स्पष्ट म्हणाल्या. सायकल? जिथे गाड्या नाहीत तिथे चालेल, पण सोबत कोणीतरी हवं. उजव्या बाजूला.

"किटलीच्या बाजूला," नेव्हिल म्हणाला. डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं नाही.

शेतावर परतल्यावर तो दोन दिवस अतिशय शहाण्यासारखा वागला. तेच मेरियनला सहन होईना. तो तापला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्याऐवजी त्याने कॅरव्हॅनच्या खिडक्या आतून-बाहेरून पुसल्या, बिजागऱ्यांना तेल घातलं, आणि तिसऱ्या सकाळी सहज म्हणाला, "शेतकरीणबाईंचा भाऊ ओढून नेईल म्हणतो स्टॅफर्डपर्यंत. मग बघू. हिला गिऱ्हाईक मिळेल. चांगल्या स्थितीत आहे."

मेरियन किटली भरत होती. नळ बंद करायला ती विसरली आणि पाणी हातावर आलं.

"मला शिकव," ती म्हणाली.

"घोड्यांच्या मैदानावर काय झालं ते..."

"तेव्हा मी तुझी बायको होते. आता शिकाऊ पोर समज. वाटल्यास माझ्या बापाला फोन कर."

नेव्हिल हसला. या वेळी हसू पुरं झालं.

तर त्या सकाळी गवताच्या त्या तुकड्यावर खुर्च्या बाहेर आल्या. पॉलीन होती. काल आलेलं वेल्समधलं एक जोडपं होतं. सगळ्यांच्या हातात चहाचे पेले होते आणि सगळे ढगांकडे बघत होते. पॉलीनने आपलं निळं पिंप उचलून मुद्दाम जुन्या जागी आणून ठेवलं.

"हे काय?" मेरियनने विचारलं.

"परीक्षेत सगळ्यांना सारखाच प्रश्न हवा."

मेरियन स्टिअरिंगच्या चाकामागे बसली. नेव्हिल खिडकीशी वाकून उभा राहिला. त्याचा आवाज तिने पूर्वी कधी ऐकला नव्हता. तो हळू, मोकळा आणि वेळच वेळ असल्यासारखा होता. म्हणजे परक्या पोरांना हा आवाज मिळत होता तर.

"हात चाकाच्या तळाशी धर. वर नाही, तळाशी. आता कॅरव्हॅनचं मागचं टोक जिकडं न्यायचं, तिकडं हात ने. एवढंच. थोडंसं वळव, थांब, बघ. गाडीला घाई नसते, माणसाला असते."

"आणि तू मागून सांगशील. दाराकडं, किटलीकडं."

नेव्हिलने खिडकीच्या काठावर बोटं वाजवली. "सांगेन. पण माझ्या हातांकडं बघू नकोस."

"म्हणजे?"

"मी तुझे कधीच बघितले नाहीत."

मेरियनने चाकावरचा हात काढला.

"पहिल्याच दिवशी गोंधळ झाला होता माझा," तो म्हणाला. "किटलीकडं म्हणजे टोक किटलीकडं ने, की टोक किटलीकडं फार गेलंय? दोन्ही अर्थ होतात. विचारायचं राहिलं. मग विचारायची लाज वाटायला लागली. शिकवणारा माणूस मी."

"पावसात उभी राहायचे मी. बोटं गोठायची. हात हलवत राहायचे."

"छान हलवायचीस. मी फक्त तू आरशात आहेस ना एवढं बघायचो. तू कायम कोपऱ्याशी असायचीस, म्हणजे कोपरा कुठं आहे ते कळायचं. तू दिसतेस तोवर मागे घ्यायचं. दिसेनाशी झालीस की थांबायचं."

मेरियनला तिचा एका अर्थाचा शब्द आठवला, आणि हसावं की त्याला गाडीखाली घ्यावं हे कळेना. मग तिला दुसरंच काहीतरी आठवलं. "त्या दिवशी थांबला का नाहीस? मी दिसत नव्हते ना?"

नेव्हिल हॉथॉर्नच्या कुंपणाकडे वळला.

"दिसेनाशी झालीस असं वाटलंच नाही. तुझ्या जागी रिकामं नव्हतं काही. गवत होतं. नीट, हिरवं गवत. मला वाटलं पॉलीनशी बोलायला गेलीस, म्हणजे सगळं ठीकच असणार. काळजीचं असतं तर तू गेली नसतीस."

तो मागे चालत गेला आणि किटलीच्या बाजूच्या कोपऱ्याशी उभा राहिला. उजव्या आरशात मेरियनला तो दिसत होता. टोपी, जुना हिरवा स्वेटर, एक हात वर. आरशात तो तिच्या तळहाताएवढा होता.

तिने गाडी मागे घेतली. टोक दाराकडे गेलं, फार गेलं. ती थांबली, हात किटलीकडे नेला, टोक सावकाश परत आलं. नेव्हिल हात हलवत होता, काहीतरी म्हणतही होता. कुठल्या अर्थाने, हे तिला कळत नव्हतं आणि कळायची गरजही नव्हती. कॅरव्हॅन सरकत राहिली. मग आरशात एकदम फक्त गवत उरलं.

तिने ब्रेक लावला.

"काय झालं?" कॅरव्हॅनच्या मागून नेव्हिलचा आवाज आला. "बरोबर चाललं होतं की. थांबलीस का?"

"तू कुठं गेलास?"

"पिंप किती लांब आहे ते बघायला आलो. मान वळवून बघावं लागतं मला आता."

"बघू नकोस. पिंप गेलं तर जाऊ दे. कोपऱ्याशी उभा राहा."

"माझं पिंप आहे ते," पॉलीन ढगांकडे बघत म्हणाली.

नेव्हिल दोन पावलं बाजूला सरकला आणि आरशात परत आला. त्याने टोपी सारखी केली, जणू फोटो काढायचा आहे.

"आता?" त्याने ओरडून विचारलं.

"आता दिसतोयस," मेरियन म्हणाली, आणि चाकाच्या तळाशी हात ठेवून तिने गाडी पुन्हा मागे घेतली.